एक्क्याऐंशी ठिपक्यांची संख्या

आजच्या गप्पा एका संख्येच्या आहेत. ऐकताना एक कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा. हातात पोळीचं पीठ असेल तर मुलीला किंवा सुनेला लिहायला बसवा. संख्या सतरा अंकी आहे, पण ती लक्षात ठेवायला एक मिनिटही लागणार नाही. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि नऊवरून परत एकपर्यंत उतरायचं. लिहा: १२३४५६७८९८७६५४३२१.

झाली लिहून? आता उजवीकडून डावीकडे वाचून बघा. तीच संख्या येते. शाळेत आपण ‘रामाला भाला मारा’ उलटं वाचून हसायचो, तसंच हे.

आता ही संख्या केवढी ते पाहू. केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प पन्नास लाख कोटी रुपयांच्या थोडा पुढे होता. आपली संख्या रुपयांत धरली, तर असे जवळजवळ दोनशे चाळीस अर्थसंकल्प तिच्यात बसतील. सेकंदाला एक याप्रमाणे न थांबता मोजत बसलं, तर सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील.

एवढ्या मोठ्या संख्येला नावं कुठून आणायची, असं वाटेल. पण ती आपल्याकडे फार पूर्वीपासून आहेत. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ हा ग्रंथ लिहिला. त्यात एकं, दहं, शतंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. अर्बुद म्हणजे आपण ज्याला दशकोटी म्हणतो ते. त्या हिशोबाने आपल्या संख्येचा पहिला एक ‘मध्य’ या स्थानावर आहे. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू असं म्हणत चढत जायचं. दशकोटीच्या घरात नऊ येतो आणि तिथून उतार लागतो. परार्ध फक्त एक घर पुढे राहिलं.

डोंबिवलीशी नातं

तुम्ही म्हणाल, या संख्येचं आणि कामतघरचं काय? नातं आहे, आणि जवळचं आहे. माणकोलीच्या पुलावरून खाडी ओलांडली की आपण डोंबिवलीत. या प्रकारच्या संख्यांना गणितात ‘डेम्लो संख्या’ म्हणतात, आणि ते नाव डोंबिवलीच्या रेल्वे स्टेशनावरून पडलं आहे. डेम्लो हे त्या स्टेशनाचं जुनं नाव. तेव्हा ही लाईन जी.आय.पी. रेल्वेची होती, आताची मध्य रेल्वे. मुंबईपासून तीस मैलांवरच्या त्या स्टेशनात एका शाळामास्तरांना या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी स्टेशनाचं नाव संख्यांना दिलं.

ते शाळामास्तर म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शालेय शिक्षण ठाण्यात, म्हणजे आपल्याच भागात. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले आणि १९२९ साली पदवीधर झाले. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. विद्यापीठातली नोकरी नाही, पदवीच्या पुढचं शिक्षण नाही. जवळ होते कागद, पेन्सिल आणि आकड्यांचं वेड. १९३८ साली त्यांचा डेम्लो संख्यांवरचा लेख ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आला. १, १२१, १२३२१ अशा चढत्या-उतरत्या संख्यांना त्यांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटलं.

त्यांचं ६१७४ हे दुसरं नवल तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तसंच करा. जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी केली की ६१७४ येते आणि मग तीच येत राहते. मार्टिन गार्डनर हे अमेरिकेतले गणितावर लिहिणारे प्रसिद्ध लेखक. त्यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात कापरेकरांबद्दल लिहिलं, तेव्हा हे मास्तर जगभर माहीत झाले. १९८६ साली ते गेले.

रांगोळी घाला, संख्या येईल

आता मुख्य गोष्ट. ही संख्या अशी चढते आणि उतरते कशामुळे?

नऊ वेळा एक लिहा: १११११११११. या संख्येला तिनेच गुणलं की आपली सतरा अंकी संख्या येते. पण एवढ्या मोठ्या गुणाकाराला आपण लहान तोंडाने सुरुवात करू. अकरा गुणिले अकरा. कागदावर मांडणी कशी करतो? पहिल्या ओळीत ११. दुसऱ्या ओळीत पुन्हा ११, पण एक घर डावीकडे सरकवून. बेरीज करा. उजवीकडे एक, मध्ये एक आणि एक दोन, डावीकडे एक. १२१. आता १११ गुणिले १११. तीन ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उभ्या घरांची बेरीज एक, दोन, तीन, दोन, एक. १२३२१.

आकड्यांच्या जागी ठिपके ठेवा म्हणजे सगळं उलगडेल. ठिपक्यांची रांगोळी आपण दारात घालतोच. मधली ओळ नऊ ठिपक्यांची. तिच्या वर आठ, सात, सहा असे कमी करत एकापर्यंत, आणि खालीही तसेच. वरून खाली ठिपके मोजा: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. हीच आपली संख्या.

आता त्या रांगोळीकडे जरा तिरपं बघा. ती नऊ बाय नऊचा चौकोन आहे, टोकावर उभा केलेला. नऊ ओळी आणि प्रत्येक ओळीत नऊ ठिपके, म्हणून एकूण ठिपके नऊ नवे एक्क्याऐंशी. गुणाकारातही नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ वेळा एक.

मागावर काम करणाऱ्यांना हे आणखी सोपं जाईल. नऊ उभे धागे आणि नऊ आडवे धागे घेतले, तर ते एकमेकांना एक्क्याऐंशी ठिकाणी छेदतात. एका कोपऱ्यापासून तिरप्या रेषांनी त्या जागा मोजत गेलं की पुन्हा एकपासून नऊ आणि नऊपासून एक.

म्हणजे संख्येच्या सतरा अंकांची बेरीज किती असणार, हे बेरीज न करताच सांगता येतं. एक्क्याऐंशी. हवं तर करून बघा. एकपासून नऊपर्यंत पंचेचाळीस, आणि उतरताना आठपासून एकपर्यंत छत्तीस. पंचेचाळीस आणि छत्तीस, एक्क्याऐंशी.

मुलं विचारतील, दहा वेळा एक घेतले तर? चांगला प्रश्न आहे. मधल्या घरात दहा ठिपके येतील, पण एका घरात दहा लिहिता येत नाहीत. शून्य लिहून एक हातचा घ्यावा लागतो. डावीकडच्या घरात नऊ आहेत, हातचा मिळून तिथेही दहा. पुन्हा शून्य आणि हातचा एक. त्याच्या पुढच्या घरात आठ आणि एक, नऊ. तिथे हातचा संपला. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब आणि मध्ये दोन शून्यं. सुंदर घडी मोडली. म्हणून आपली सतरा अंकी संख्या या माळेतला शेवटचा पूर्ण मणी आहे.

संख्येच्या पोटात काय आहे

एखादी वस्तू कशाची बनली ते कळलं की तिचा धाक कमी होतो. या संख्येचे तुकडे करून पाहू. १११११११११ ही संख्या म्हणजे १११ गुणिले १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ गुणिले ३७. आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. आता ३, ३७ आणि ३३३६६७ यांचे आणखी तुकडे होत नाहीत. त्या मूळ संख्या आहेत.

आपली मोठी संख्या म्हणजे हेच सगळं दोनदा. चार वेळा ३, दोन वेळा ३७ आणि दोन वेळा ३३३६६७. एवढाच तिचा संसार. एवढी अवाढव्य संख्या, पण तिला बाकी न उरता भागणाऱ्या संख्या फक्त ४५ आहेत. त्यांत एक आणि ती स्वतः या दोन्ही आल्या.

हे पंचेचाळीस विषम का? लाडू ताटात सारख्या ओळींत मांडायचे असतील तर भागणाऱ्या संख्या जोडीने येतात. बारा लाडू असतील तर दोन ओळी सहा-सहाच्या किंवा सहा ओळी दोन-दोनच्या. दोन आणि सहा ही जोडी. पण छत्तीस लाडूंत सहा ओळी सहा-सहाच्या होतात, तिथे सहाला दुसरी जोडीदार नाही. चौकोनी मांडता येणाऱ्या प्रत्येक संख्येत अशी एक बिनजोडीची असते. आपल्या संख्येत ती आहे १११११११११.

आणखी एक गंमत. १११११११११ ला नऊने भागा. येतात १२३४५६७९. आठ वगळून सगळे अंक ओळीने. या संख्येला अठराने गुणा, नऊ वेळा दोन येतात. सत्तावीसने गुणा, नऊ वेळा तीन. मुलांना सुट्टीत करायला द्या.

नऊची कसोटी आणि अकराची कसोटी

आता याचा घरात उपयोग काय, ते सांगते. नऊने भाग जातो का, हे पाहायला आपण अंकांची बेरीज करतो. ते का चालतं? दहा रुपये नऊ जणींत वाटले तर प्रत्येकीला एक आणि उरतो एक. शंभर रुपये वाटले तर प्रत्येकीला अकरा आणि उरतो एक. हजार वाटले तर प्रत्येकीला एकशे अकरा आणि उरतो एक. म्हणजे प्रत्येक नोटेमागे एकच रुपया उरतो. उरलेले रुपये मोजले, म्हणजे अंकांचीच बेरीज झाली. आपल्या संख्येची बेरीज एक्क्याऐंशी, म्हणून तिला नऊने भाग जातो.

हीच युक्ती गुणाकार तपासायला वापरतात. समजा, ३४७ नग केले आणि नगाला २६ रुपये ठरले. वहीत ९०२२ रुपये लिहिलेत. तीन, चार, सात मिळून चौदा, एक आणि चार पाच. दोन आणि सहा आठ. पाच आठे चाळीस, चार आणि शून्य चार. आता उत्तर बघा: नऊ, शून्य, दोन, दोन मिळून तेरा, एक आणि तीन चार. दोन्हीकडे चार. कसोटीला उतरलं. वेगळे आकडे आले असते तर हिशोब नक्की चुकला असं समजायचं.

पण ही कसोटी एका ठिकाणी फसते. घाईत ९०२२ च्या जागी ९२०२ लिहिले, तर अंक तेच, बेरीज तीच. एकशे ऐंशी रुपयांचा फरक, आणि नऊच्या कसोटीला तो दिसत नाही. अशा अदलाबदलीसाठी अकराची कसोटी आहे. उजवीकडून सुरू करून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. ३४७ चे सात वजा चार अधिक तीन, सहा. २६ चे सहा वजा दोन, चार. सहा चोक चोवीस, त्यातून बावीस काढले की दोन. आता ९०२२: दोन वजा दोन अधिक शून्य वजा नऊ, उणे नऊ. उणे आलं की अकरा मिळवायचे, म्हणजे दोन. जुळलं. आणि ९२०२: दोन वजा शून्य अधिक दोन वजा नऊ, उणे पाच. अकरा मिळवून सहा. जुळलं नाही. चूक पकडली.

दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या तर बहुतेक चुका सापडतात. सगळ्या नाही, म्हणून मोठी रक्कम असेल तर गुणाकार दुसऱ्या बाईकडून पुन्हा करून घ्या. कांडी भरणाऱ्या, दोरे कापणाऱ्या, नगावर मजुरी घेणाऱ्या बायकांच्या आणि बचत गटाच्या वहीत हे काम दोन मिनिटांचं आहे. त्यासाठी दहावी पास असायला लागत नाही. बेरीज-वजाबाकी आली की पुरे.

यंत्रावर किती विसंबायचं

कुणी म्हणेल, आता मोबाईल आहे, हे सगळं कशाला? मग ही संख्या कॉम्प्युटरवर एक्सेलच्या घरात टाईप करून बघा. एंटर मारल्यावर तिथे १२३४५६७८९८७६५४३०० उरते. शेवटचे दोन आणि एक शून्य होऊन जातात. कारण एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच जपून ठेवतं, त्यापुढे शून्यं भरतं, आणि हे करताना ओरडून सांगत नाही. साध्या कॅल्क्युलेटरलाही सतरा अंक मावत नाहीत. तो जवळचं काहीतरी दाखवतो किंवा चूक झाल्याची खूण करतो.

आपल्याकडच्या कितीतरी मुली गोदामांत आणि ऑफिसांत एंट्रीचं काम करतात. त्यांनी हे नीट ऐका. सोळा अंकी कार्ड नंबर एक्सेलमध्ये संख्या म्हणून टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो. लांबलचक खातं नंबरांचंही तेच. एंट्री करण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या, म्हणजे अंक जसेच्या तसे राहतात. आधीच शून्य झालेला अंक नंतर टेक्स्ट करून परत येत नाही, तो मूळ कागदावरूनच पुन्हा भरावा लागतो. शेवट शून्याचे नंबर एकाखाली एक दिसायला लागले, की तिथेच थांबून कागद तपासा.

काही नंबरांच्या पोटातच कसोटी बसवलेली असते. आधार नंबर बारा अंकी. त्यातला शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. त्यासाठी डच गणितज्ञ व्हेरहूफ यांनी १९६९ साली मांडलेली रीत वापरतात. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, तर शेवटचा अंक जुळत नाही आणि नंबर चुकीचा आहे हे कळतं. मोबाईल नंबराला अशी कसोटी नाही. दहांपैकी एक अंक चुकला तर तो बहुधा दुसऱ्या कुणाचा तरी नंबर असतो. म्हणून मोबाईलवरून पैसे पाठवताना नंबर टाकल्यावर पडद्यावर येणारं नाव वाचा, मगच पुढचं बटण दाबा.

मैत्रिणींनो, ‘गणित आपलं काम नाही’ हे वाक्य मुलींच्या कानावर लहानपणापासून पडतं. घरातच पडतं, कधी आपल्याच तोंडून पडतं. पण जी बाई एका नजरेत सांगते की रांगोळीचे ठिपके कुठे चुकले, साडीच्या काठात किती धागे सुटले, तिला मोजणं येत नाही असं कसं म्हणायचं? मोठा आकडा समोर आला की आपण मान खाली घालतो आणि समोरचा सांगेल ते खरं मानतो. मजुरीत तेच होतं, कर्जाच्या कागदावर तेच होतं. आकडा कितीही मोठा असला तरी त्याचे तुकडे करता येतात, त्याला तपासता येतं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. डोंबिवलीच्या स्टेशनात विचार करणाऱ्या त्या मास्तरांकडेही कागद आणि पेन्सिलच होती.

आजचा गृहपाठ. पाच वेळा एक लिहा, ११११११ नव्हे हां, ११११११ सहा होतात. पाच एक म्हणजे १११११. त्याला त्यानेच गुणा. आधी गुणाकार न करता उत्तर सांगायचं, मग त्याच्या अंकांची बेरीज सांगायची, आणि शेवटी पाच ठिपक्यांची रांगोळी घालून दोन्ही पडताळायचं. मुलीला बरोबर घ्या, मुलालाही घ्या. आणि या आठवड्यात घरातल्या हिशोबाच्या वहीतला एक तरी गुणाकार नऊच्या आणि अकराच्या कसोटीला लावून बघा. नमस्कार.